विहीर चांगली आहे तोवरच तपासा

आमच्या विहिरीचं पाणी शेवटपर्यंत नितळ होतं. वरून पाहिलं की तळाचा दगड दिसायचा. बिघाड कळला तो नाकाला, आणि तोही न्हाणीघरात. बंबातलं कढत पाणी बादलीत घेतलं की थिनरसारखा गोडसर, उग्र वास कोंडायचा. तेच पाणी माठातलं गार प्यालं तर काही जाणवायचं नाही. आंघोळीनंतर आईचं डोकं धरू लागलं, पुतणीच्या हातांवर पुरळ उठलं. डॉक्टरांनी अॅलर्जीची गोळी दिली. पाणी कुठलं वापरता, हे त्यांनी विचारलं नाही आणि ते सांगावं असं आम्हाला सुचण्याचं कारणही नव्हतं. तीन पिढ्या त्याच विहिरीवर वाढलेल्या.

आमचा खालापूर तालुका कारखान्यांचा. 1915 साली खोपोलीत टाटांचं वीजकेंद्र सुरू झालं, त्यातून सोडलेल्या पाण्याने पाताळगंगा बारमाही वाहू लागली आणि बारमाही पाणी पाहून पुढे तिच्या काठाने उद्योग आले. 1960 साली हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि रसायनी वसली. या कारखान्यांनी घराघरात पगार आणला. आमच्या घराची कौलं जाऊन स्लॅब पडला तो त्याच पगारावर. त्यामुळे सरसकट कारखान्यांच्या नावाने बोटं मोडायला मी बसलेलो नाही. आमच्या विहिरीच्या वरच्या अंगाला जे होतं तो कारखानाही नव्हता. ते होतं भंगाराचं गोदाम. रसायनांचे रिकामे ड्रम तिथे यायचे, ओढ्याकाठी धुतले जायचे आणि पाण्याच्या टाक्या म्हणून विकले जायचे. गावात निम्म्या घरांच्या परसात तसा निळा ड्रम आहे. घातक रसायनाने माखलेला रिकामा ड्रम हाच कायद्याने घातक कचरा ठरतो, 2016 च्या नियमांत तसं स्पष्ट लिहिलं आहे आणि परवानगी असलेल्यानेच तो हाताळायचा असतो. हे मला सगळं घडून गेल्यावर कळलं. तुम्हाला आधी कळावं म्हणून सांगतो.

गावात बोललो तर आधी कोणाचा विश्वास बसेना. कारण गोदामाला आमच्याहून जवळ असलेल्या शेजाऱ्यांच्या विहिरीला काहीच झालं नव्हतं. या एका गोष्टीवर आमचं तोंड बंद केलं जायचं. पुढे भूजलवाल्या अधिकाऱ्यांनी समजावलं. आपल्याकडे खाली काळा पाषाण आहे. वाळूतून झिरपावं तसं पाणी त्याच्यातून सगळीकडे सारखं पसरत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून वाट काढतं. ज्या भेगेचं तोंड ओढ्यात आणि शेपूट तुमच्या विहिरीत, ती विहीर जाते. शेजारची शंभर पावलांवरची चांगली राहते. म्हणून शेजाऱ्याचं पाणी चांगलं आहे यावर आपल्या पाण्याबद्दल निर्धास्त राहू नका, आणि आपलं चांगलं आहे म्हणून शेजाऱ्याला खोटं पाडू नका.

ग्रामपंचायतीकडे हिरवं कार्ड होतं. ते सार्वजनिक स्रोतांची स्वच्छता पाहून दिलेलं असतं: कठडा आहे का, भोवती घाण आहे का, टीसीएल पावडर वेळेवर पडते का. जलजीवन मिशनच्या तपासणी पेटीतून गावातल्या बायकांनी आमचं पाणी तपासलं, मनापासून तपासलं. त्या पेटीत आम्लता, कठीणपणा, क्लोराइड, नायट्रेट, लोह, फ्लोराइड आणि जिवाणू कळतात. थिनर, बेन्झिन, ड्रमातून निघालेलं द्रावक तिच्यात दिसत नाही. शिसं आणि क्रोमियमही नाही. आरओ विकायला येणारा जो पेनासारखा टीडीएस मीटर बुडवतो, त्याला तर फक्त विरघळलेले क्षार कळतात. द्रावकाने भरलेल्या पाण्यात तो मीटर खुशाल चांगला आकडा दाखवतो. आकडा चांगला म्हणजे पाणी चांगलं, हा समज आपल्या भागात फार पसरला आहे आणि तो घातक आहे.

आमची बाजू उभी राहिली ती वहिनींमुळे. त्यांनी लोणची-मसाल्यांचा घरगुती धंदा नोंदवताना अन्न परवान्यासाठी पाण्याचा अहवाल लागेल म्हणून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून विहिरीची तपासणी करून घेतली होती. तारीख, शिक्का, सगळं असलेला तो कागद डब्यांच्या फडताळात पडून होता. नवा अहवाल आला तेव्हा दोन्ही शेजारी ठेवले. गोदामवाल्यांनी सांगायला सुरुवात केली होती की इथल्या जमिनीतच दोष आहे, विहीर पहिल्यापासून अशीच. तो जुना कागद टेबलावर ठेवला आणि तो मुद्दा तिथेच संपला. वास येऊ लागल्यावर केलेली तपासणी फक्त आज काय आहे ते सांगते. काय बिघडलं हे सांगायला आधीचा अहवाल लागतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याची तक्रार निम्मी तिथेच पडते. मला तुम्हाला मुख्य सांगायचं आहे ते हेच. चांगल्या विहिरीचा अहवाल करून ठेवा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आहे का तेही आत्ताच पाहून घ्या.

नमुना घेण्याची रीत महत्त्वाची, कारण पहिला नमुना चुकला की समोरचा तेवढंच धरून बसतो. बाटली प्रयोगशाळेचीच मागून घ्या, बिसलेरीची रिकामी चालत नाही. द्रावकांसाठी गडद काचेची बाटली लागते आणि ती काठोकाठ भरायची, वर हवेचा बुडबुडाही राहता कामा नये, नाहीतर जे शोधायचं तेच त्या हवेत उडून जातं. धातूंसाठी प्लॅस्टिकची वेगळी बाटली देतात, तिच्यात आम्लाचे थेंब घातलेले असतात, ती विसळू नका. बोअर असेल तर पंप आधी चांगला दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा. बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी पोहोचवा. आणि नुसतं ‘पाणी तपासा’ म्हणू नका. वर काय चालतं ते सांगा आणि कशाकशाची तपासणी हवी ते लिहून द्या. अहवाल भारतीय मानक 10500 शी ताडून पाहा: शिसं लिटरला 0.01 मिलिग्रॅमच्या वर नको, क्रोमियम 0.05 च्या वर नको, फिनॉलजन्य द्रव्यं 0.001 च्या आत हवीत. वर्षातून दोनदा तपासा. एकदा मेअखेरीस, पाणी तळाला गेल्यावर. आणि एकदा पहिले मोठे पाऊस पडून गेल्यावर, कारण वर्षभर जमिनीवर सांडलेलं तेव्हा धुऊन खाली येतं.

वास आला तर त्याच दिवशी पिणं आणि स्वयंपाक बंद करा. आंघोळही. गरम पाण्यातून द्रावकाची वाफ बंद न्हाणीघरात श्वासावाटे जाते, कातडीतूनही शिरते. आईचं डोकं त्यानेच दुखत होतं, असं नंतर तज्ज्ञ डॉक्टर म्हणाले. उकळून घेऊ, हा आपला जुना उपाय जंतूंसाठी आहे. क्षार आणि धातू उकळल्याने दाटतात आणि द्रावक स्वयंपाकघरात पसरतं. तुरटीने गढूळपणा बसतो, एवढंच. अतिनील दिव्याचं यंत्र रसायनाला काही करत नाही, आणि घरगुती आरओवर अशा वेळी जीव टांगू नये. तान्ह्या मुलाचं दूध त्या पाण्यात कालवू नका. डॉक्टरांना स्वतःहून सांगा की आम्ही विहिरीचं पाणी वापरतो आणि वर अमुक चालतं. द्रावकं रक्तातून थोड्या दिवसांत निघून जातात, म्हणून महिन्याने केलेली रक्ततपासणी कोरी आली तरी काही झालंच नाही असं ठरत नाही. शिसं मात्र हाडांत वर्षानुवर्षं राहतं. लहान मुलं असतील तर त्याची तपासणी जरूर करा.

तक्रार लेखी द्या आणि पोच घ्या. ग्रामपंचायत, तहसीलदार आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाचं बेलापूरच्या रायगड भवनातलं कार्यालय, तिन्हीकडे. नमुना मंडळाच्या अधिकाऱ्याने पंचांसमोर घ्यावा असा आग्रह धरा. हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. तिथे भरपाईसाठी पाच वर्षांची मुदत आहे, पण इतर दादीसाठी सहा महिन्यांचीच, आणि ती कारण उद्भवल्या दिवसापासून मोजतात. इथेही तारखेलाच किंमत. 2017 साली तळोज्यात निळी कुत्री फिरताना दिसली आणि त्यांची छायाचित्रं देशभर गेली, म्हणून मंडळाने त्यामागचा कारखाना लगेच बंद केला. भेगेतून आलेलं विष कोणाच्या छायाचित्रात येत नाही. त्याच्यासाठी कागदच लागतात.

एवढं करूनही लवकर निभावेल असं मी सांगणार नाही. राजस्थानात उदयपूरजवळच्या बिछरी गावात एच-आम्लाच्या कारखान्यांच्या गाळाने विहिरींचं पाणी काळंतपकिरी झालं. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने पाहणी केली, आणि 13 फेब्रुवारी 1996 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की प्रदूषण करणाऱ्यानेच साफसफाईचा खर्च द्यावा. तो खर्च सदतीस कोटींवर ठरला. 2011 साली तेच न्यायालय चक्रवाढ व्याजासह तीच रक्कम पुन्हा भरायला सांगत होतं. निकाल लागला म्हणून पाणी चांगलं होत नाही. पाषाणाच्या भेगेत शिरलेलं परत काढायची सोपी युक्ती अजून कोणाकडे नाही.

आमच्या वरचं गोदाम बंद झालं, प्रकरण चालू आहे, म्हणून गावाचं नाव देत नाही. विहीर वापरात नाही. आम्ही नळाच्या आणि टँकरच्या पाण्यावर आहोत. कर्जत-खालापुरात ज्यांच्या दारी अजून चांगली विहीर आहे त्यांना हात जोडून विनंती, या मे महिन्यात पाणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत द्या आणि अहवाल सातबाऱ्याच्या फायलीत लावून ठेवा.