स्वमग्न मुलाची अबोल भाषा
१९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमात स्वमग्नतेचा समावेश झाला. अनेक घरांत मात्र अशा मुलाचे किंचाळणे वा डोके आपटणे हा अद्याप हट्टीपणाच समजला जातो. वस्तुतः ज्यास शब्दांनी सांगता येत नाही, त्याची ती बहुधा भाषाच असते. कुकरची शिट्टी, पाहुण्यांची वर्दळ, नेहमीचा रस्ता बदलणे, एवढेही त्यास असह्य होऊ शकते. वर्तन एकाएकी बिघडल्यास दात वा कान दुखत नाही ना, हे प्रथम डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. प्रसंगाआधी काय घडले व नंतर त्यास काय मिळाले, याची वहीत नोंद ठेवावी. ओरडल्यावरच बिस्किट मिळत असेल, तर मूल ओरडणेच शिकते. त्याऐवजी बिस्किटाचे चित्र हाती देण्यास शिकवावे व चित्र मिळताच बिस्किट द्यावे. आजी-आजोबांनीही हाच नियम पाळावयास हवा. घोडे बहुधा येथेच अडते.