ताजी मासळी, बेदाणा व हळद : जकातीच्या वर्गवारीचा एक पाठ

एकाच शिवारांतील जिराईत व बागाईत जमिनींची आकारणी एक नसते, हें आमच्या शेतकरी बंधूंस सांगावयास नको. आम्हीं महसूल खात्यांत कारकुनी करून उमर घालविली. तेथें पहिला धडा मिळाला तो हा कीं, बेरीज चुकली तर ती दुरुस्त होते, पण सदर चुकलें म्हणजे सगळाच हिशेब चुकतो. आयात-निर्यातीच्या मालासही हाच न्याय लागू आहे. सातारा व सांगली जिल्ह्यांतील द्राक्षें, बेदाणा व हळद परदेशीं जात असल्यामुळें या वर्गवारीची ओळख करून घेणें बागाईतदारास अगत्याचें आहे.

जगांतील बहुतेक देश मालाची वर्गवारी एकाच कोष्टकानें करितात. हें कोष्टक १ जानेवारी १९८८ पासून अमलांत आलें असून ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटना त्याची देखरेख करिते. त्यांत प्रत्येक जिनसेस सहा आंकडे दिलेले असतात : पहिले दोन प्रकरणाचे, चार मिळून सदराचे व सहा मिळून पोटसदराचे. आपल्या देशानें त्यांस आणखी दोन जोडून आठ आंकडे केले आहेत.

या कोष्टकाचा मुख्य नियम मासळीच्या प्रकरणावरून उत्तम ध्यानांत येतो. म्हणून कोंकणची ही जिन्नस आम्ही घाटावर आणीत आहों. तिसऱ्या प्रकरणांत जिवंत मासा ०३०१ या सदरांत, ताजा अथवा बर्फांत थंड ठेवलेला ०३०२ मध्यें, गोठविलेला ०३०३ मध्यें, काटे काढून कापलेले तुकडे ०३०४ मध्यें, आणि सुकविलेला, खारविलेला वा धुरी दिलेला ०३०५ मध्यें पडतो. मासा तोच, अवस्था बदलली कीं सदर बदललें. थंड करणें व गोठविणें हीं दोन निराळीं कामें मानलीं आहेत. थंड केलेला मासा ताज्यांतच राहतो, गोठविलेल्याचें सदर बदलतें. कोळंबी कवचासह नुसत्या पाण्यांत उकडली तर ती ०३०६ मध्येंच राहते. तीच सोलून शिजविली कीं सोळाव्या प्रकरणांत, म्हणजे तयार खाद्यांत जाते. शेततळ्यांतील रोहू व कटला यांसही हेंच प्रकरण लागू आहे.

आतां हा नियम आपल्या बागेस लावून पाहूं. ताजीं द्राक्षें आठव्या प्रकरणांत ०८०६ १० येथें व सुकविलेलीं ०८०६ २० येथें येतात. शीतगृहांत थंड केलेलीं द्राक्षें मासळीप्रमाणेंच ताज्यांत गणलीं जातात. गोठविलीं तर ०८११ मध्यें जातात. त्यांचा रस काढला तर प्रकरण विसावें, मद्य केलें तर बाविसावें. बेदाण्यास गंधकाची धुरी दिली अथवा चकाकीसाठीं वनस्पतीचें तेल लाविलें, तर सदर बदलेल काय, असें पुष्कळजण विचारतात. आठव्या प्रकरणाच्या टीपेंतच याचें उत्तर आहे : टिकाऊपणासाठीं वा रूपासाठीं अशी प्रक्रिया केली तरी, सुक्या फळाचें स्वरूप कायम आहे तोंवर तें सुकें फळच होय.

हळदीची गोष्ट थोडी निराळी आहे. ओली हळद ०९१० ३० १०, सुकी ०९१० ३० २० व पूड ०९१० ३० ३० अशी विभागणी आहे. म्हणजे हळद शिजविली, वाळविली, दळली तरी पहिले सहा आंकडे तेच राहतात. भेद पडतो तो आपल्या देशानें जोडलेल्या शेवटच्या दोन आंकड्यांत.

हा भेद केवळ बंदरावरच्या कारकुनासाठीं आहे असें कोणी समजूं नये. १ जुलै २०१७ पासून चालू झालेल्या वस्तु व सेवा करानेंही हेंच कोष्टक घेतलें आहे. ताजीं द्राक्षें व ओली हळद करमुक्त आहेत. बेदाणा व सुकी हळद यांवर शेंकडा ५ कर आहे. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारानें स्वतःच्या बागेचा बेदाणा विकला, तेव्हां त्याच्या पट्टींतून कराच्या नांवानें रक्कम कापली गेली. सदर बरोबर, दर बरोबर, म्हणून तो गप्प बसला. परंतु दर हा मालास लागतो आणि देणें हें माणसास लागतें, हा भेद त्याच्या ध्यानीं आला नाहीं. २१ डिसेंबर २०२४ रोजीं जैसलमेर येथें भरलेल्या कर परिषदेनें, शेतकऱ्यानें स्वतः पुरविलेल्या बेदाण्यावर त्यास कर देणें नाहीं, असा खुलासा करण्याची शिफारस केली, व फेब्रुवारी २०२५ मध्यें तसें परिपत्रक निघालें. त्या गृहस्थांनीं तें दाखविल्यावर कापलेली रक्कम परत मिळाली. न विचारतां बसले असते तर ती गेलीच होती.

तात्पर्य, तीन गोष्टी कराव्या. माल ताजा, थंड, गोठविलेला कीं सुकविलेला, हें प्रत्येक कागदावर स्पष्ट लिहवून घ्यावें; 'द्राक्षें' एवढाच मोघम शब्द पुरेसा मानूं नये. निर्यातदारामार्फत माल धाडल्यास निर्यातपत्रावरील आंकडे स्वतः वाचावे. २०११ पासून मालाचें सदर प्रथम निर्यातदारानेंच ठरवावयाचें असतें, आणि खोटें वर्णन केल्यास १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याप्रमाणें माल जप्त होऊं शकतो. तिसरें, पट्टींत कर कापलेला दिसल्यास तो कोणत्या नियमानें, हें तिथल्या तिथें विचारावें. सात-बारावरील आपलें नांव आपण दरवर्षीं डोळ्यांनीं पाहून घेतों. मालाच्या कागदावरचे हे आठ आंकडेही तितक्याच काळजीनें पाहावे.