पुढाऱ्याची वाणी आणि पुढाऱ्याची बुद्धी

पुढाऱ्याची बुद्धी आपण प्रत्यक्ष कधीच पाहत नाही. दिसतो तो त्याचा पोशाख. ऐकू येतात ते त्याचे उच्चार, त्याची भाषा, त्याच्या बोलण्याची ढब. फायलीवर त्याने काय शेरा मारला, बैठकीत नेमका कोणता प्रश्न विचारला, हे कळण्याचा मार्ग सामान्य मतदाराला नसतो. तरीही ‘माणूस मोठा बुद्धिमान आहे’ किंवा ‘डोक्याने बेताचाच दिसतो’ असा निकाल आपण पाच मिनिटांच्या भाषणावरून देऊन मोकळे होतो. हा निकाल कोणत्या पुराव्यावर दिला जातो आणि तो पुरावा कितपत ग्राह्य आहे, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

पहिले उदाहरण आपल्या उपनगरांचेच घेऊ. १९५७ आणि १९६२ अशा लागोपाठ दोन निवडणुकांत उत्तर मुंबईतून लोकसभेवर व्ही. के. कृष्ण मेनन निवडून आले. मेनन मूळचे केरळचे. आयुष्याची अनेक वर्षे इंग्लंडमध्ये काढलेले. हातात काठी, धारदार नाक, त्याहून धारदार इंग्रजी. १९५७ च्या जानेवारीत त्यांनी सुरक्षा परिषदेत काश्मीरच्या प्रश्नावर दोन दिवस मिळून जवळजवळ आठ तास भाषण केले आणि त्या श्रमाने ते कोसळले. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत ते उपनगरांतील मतदारांसमोर उभे होते.

ते भाषण इथल्या किती मतदारांनी वाचले असेल? वाचण्याची गरजही नव्हती. आठ तास इंग्रजीत बोलून बड्या राष्ट्रांना सुनावणारा माणूस असामान्य बुद्धीचा असणारच, ही खात्री भाषण न वाचताच पटत होती. किंबहुना न कळलेले भाषण ह्या बाबतीत अधिक उपयोगी पडते. कळलेल्या भाषणात निदान चुका तरी दिसतात. भाषणाचा परिणाम काय झाला, हे मात्र फारसे कोणी विचारले नाही. २४ जानेवारीलाच परिषदेने भारताला नको असलेला ठराव दहा विरुद्ध शून्य मतांनी संमत केला. सोव्हिएत युनियन तटस्थ राहिले.

पुढे १९६२ चे चिनी आक्रमण झाले आणि मेनन ह्यांना संरक्षणखाते सोडावे लागले. काल जी जीभ ‘तल्लख’ होती ती आज ‘उद्धट’ ठरली. काठी तीच, इंग्रजी तेच. फक्त ऐकणाऱ्याने त्यावर लावलेली चिठ्ठी बदलली. १९६७ साली ईशान्य मुंबईतून ते अपक्ष उभे राहिले, तेव्हा त्यांच्यासमोर स. गो. बर्वे होते. बर्वे आय.सी.एस. अधिकारी, १९६१ च्या पानशेत पुरानंतर पुण्याची घडी पुन्हा बसविण्याचे काम त्यांनी केले होते. त्यांचा लौकिक वक्तृत्वाचा नव्हता, कामाचा होता. मतदारांनी बर्व्यांना निवडले. अर्थात केवळ वाणीवरून झालेला हा निकाल नव्हे. मेनन ‘परके’ आहेत हा प्रचार त्या निवडणुकीत जोरात होता, आणि नुकतीच स्थापन झालेली शिवसेना त्यात पुढे होती. पण भाषा हाच परकेपणाचा सर्वांत मोठा पुरावा असतो, तेव्हा आपण विषयापासून फार दूर गेलो असे नाही.

आता मानसशास्त्राकडे वळू. कॅनडातील माँट्रिऑल शहरात वॉलेस लॅम्बर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला एक प्रयोग १९६० साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषा सारख्याच सफाईने बोलणाऱ्या व्यक्तींनी एकच उतारा एकदा इंग्रजीत व एकदा फ्रेंचमध्ये वाचला. श्रोत्यांना हे आवाज वेगवेगळ्या माणसांचे आहेत असे भासविले आणि प्रत्येक आवाजाच्या माणसाला गुण द्यावयास सांगितले. माणूस तोच असूनही इंग्रजी वाचनाच्या वेळी तो अधिक बुद्धिमान ठरला. इंग्रजी भाषिक श्रोत्यांनी असे गुण द्यावेत ह्यात नवल नाही. नवल हे की, फ्रेंच भाषिक श्रोत्यांनीही आपल्याच भाषेतील आवाजाला खालचे गुण दिले. समाजात ज्या भाषेच्या हाती सत्ता आणि पैसा, तिच्याच ओठांवर बुद्धी आहे असे दोन्हीकडच्या लोकांना वाटू लागते.

मराठीत हेच काम एकेक अक्षर करते. ‘पाणी’ म्हणणारा शहाणा आणि ‘पानी’ म्हणणारा अडाणी, ही वाटणी आपण शाळेत शिकलो. शिकलो असे आपल्याला आठवतही नाही, इतक्या लहानपणी. वास्तविक ‘न’ आणि ‘ण’ ह्यांचा बुद्धीशी काडीचाही संबंध नाही. संबंध आहे तो माणूस कोणत्या जातीत, कोणत्या गावात आणि कोणत्या घरात वाढला ह्याच्याशी. म्हणजे पुढाऱ्याच्या तोंडून ‘पानी’ ऐकून आपण हसतो, तेव्हा आपण त्याची बुद्धी मोजत नसतो. त्याचा जन्म मोजत असतो.

ह्या दृष्टीने वसंतदादा पाटील ह्यांचे उदाहरण फार बोलके आहे. शालेय शिक्षण अल्प, धोतर-टोपीचा वेश, सांगलीकडची ग्रामीण वळणाची मराठी, लहान लहान वाक्ये. शहरी सुशिक्षितांनी त्यांच्यावर विनोद केले नसते तरच आश्चर्य. परंतु १९४३ साली सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडलेल्या, पुढे सहकारी साखर कारखाना उभा करून चालविलेल्या आणि राज्याचे मुख्यमंत्रिपद एकापेक्षा अधिक वेळा सांभाळलेल्या माणसाला हिशेब कळत नव्हता, असे कोण म्हणेल? १९८३ साली विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी देण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारने घेतला. त्या निर्णयाने शिक्षणाचा बाजार झाला असे म्हणणारे आहेत, आणि माझ्या मते त्यांच्या म्हणण्यात बरेच तथ्य आहे. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या हजारो मुलांना शेजारच्या राज्यात पैसे मोजून शिकावे लागते, हे ओळखून उचललेले ते पाऊल होते. त्याच्याशी वाद घालायचा तर तो धोरणाशी घालावा लागतो. ‘कॉलेजचे तोंड न पाहिलेल्या माणसाने कॉलेजे काढली’ हा टोमणा म्हणजे वाद नव्हे.

दादांच्याच एका विधानाची कथा ह्याहून मजेदार आहे. १९८५ च्या मुंबई महापालिका निवडणुकीपूर्वी मुंबई महाराष्ट्रापासून तोडण्याचा डाव आहे अशा आशयाचे विधान त्यांनी केले. ते स्वतः काँग्रेसचे मुख्यमंत्री. फायदा मात्र शिवसेनेला झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. दादा ते सहज बोलून गेले की मोजून मापून बोलले? सहज बोलले म्हणणारे त्यांना साधेभोळे ठरवितात, मोजून बोलले म्हणणारे मुरब्बी मुत्सद्दी. वाक्य एकच. त्यातली बुद्धी ऐकणाऱ्याने आधीच ठरविलेली!

येथे आपण मूळ मुद्द्यापाशी येतो. बोलण्याच्या लकबीला स्वतःचा असा अर्थ नसतो. आधीच्या समजुतीतून तिला अर्थ मिळतो. अटलबिहारी वाजपेयी बोलता बोलता थांबत, डोळे मिटत, आणि सभा श्वास रोखून पुढच्या शब्दाची वाट पाही. तो विराम चिंतनाचा मानला गेला, कारण ते कवी आहेत हे श्रोत्यांना ठाऊक होते. तेवढाच विराम एखाद्या नवख्या नगरसेवकाने घेतला, तर ‘अडखळला बिचारा’ असे आपण म्हणू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची मराठी भाषणे अगदी साध्या, घरगुती, प्रसंगी रांगड्या भाषेत असत. त्यांच्या विद्वत्तेला त्यामुळे उणेपणा आला नाही, कारण कोलंबिया आणि लंडन ह्या विद्यापीठांच्या पदव्या त्यांच्या पुढे चालत होत्या. पदवी आधी ठाऊक असेल तर साध्या भाषेला आपण सुबोधता म्हणतो. नसेल तर तीच भाषा अडाणीपणाची खूण होते. आचार्य अत्र्यांना तर उलटाच अनुभव आला. लंडनला जाऊन शिक्षणशास्त्र शिकलेला, ‘नवयुग वाचनमाला’ तयार करणारा हा माणूस. पण सभेत हशा पिकवतो म्हटल्यावर त्याच्यातल्या शिक्षणतज्ज्ञाची आठवण फार थोड्यांना राहिली.

शेजारच्या गोरेगावच्या मृणाल गोरे ह्यांना ‘पाणीवाली बाई’ हे नाव लोकांनी प्रेमाने दिले. त्यांचे बोलणे आपल्या आईचे किंवा मावशीचे असावे तसे. नळ, रॉकेल, धान्य, महागाई हे विषय. हातात लाटणे घेतलेल्या बायकांचे मोर्चे. १९७७ मध्ये त्या लोकसभेवर गेल्या आणि इंदिरा गांधी पराभूत झाल्या, तेव्हा ‘पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात’ ही घोषणा दुमदुमली. ह्या सगळ्यात एक गोष्ट झाकली गेली. वैद्यकीय शिक्षण सोडून राजकारणात आलेल्या ह्या बाईंचा अभ्यास नळापुरता नव्हता. गर्भलिंगनिदानाच्या दुरुपयोगाविरुद्ध विधानसभेत विधेयक आणण्यात त्यांचा पुढाकार होता, आणि १९८८ साली महाराष्ट्रात तसा कायदा झाला. तो देशातील पहिला. तरीही ‘बुद्धिमान पुढारी’ अशी यादी करायला सांगितली की आपण बॅरिस्टर आठवतो, पाणीवाली बाई नाही. स्त्रीच्या साध्या बोलण्याला तळमळ म्हणण्याची आपली तयारी असते. बुद्धी म्हणण्याची नसते.

एक उदाहरण अवघड आहे, पण टाळणे बरे नव्हे. आर. आर. पाटील ह्यांनी ग्रामस्वच्छता अभियानातून नाव कमावले. त्यांची मराठी भाषणे खेडोपाडी लोक आवडीने ऐकत. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईवर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा ते गृहमंत्री होते. वार्ताहरांशी हिंदीतून बोलताना, मोठ्या शहरांत अशा लहान घटना होतात अशा अर्थाचे एक वाक्य त्यांच्या तोंडून गेले, तेही एका गाजलेल्या चित्रपटातील संवादासारखे. त्यांना राजीनामा द्यावा लागला. ते वाक्य दुखावणारे होते, त्याचे समर्थन करता येणार नाही. जबाबदार मंत्र्याच्या तोंडी ते शोभत नव्हते. तरी एवढे नोंदवावे लागेल की, आपली भाषा सोडून दुसऱ्याच्या भाषेत शिरलेल्या माणसाच्या हाती तयार वाक्येच लागतात. मराठीत ते काय बोलले असते, हे आता कोणी सांगू शकणार नाही.

इथवर वाचून कोणी असे म्हणेल की, मग गावरान बोलणाराच खरा शहाणा. तीही फसवणूकच. शहरात उत्तम इंग्रजी शिकलेले पुढारी गावच्या सभेत मुद्दाम ‘आमी अडानी मानसं’ असे सुरू करतात, हे आपण पाहतो. साधेपणाही अंगरख्यासारखा चढविता येतो.

असो. आपल्या जोगेश्वरीत मालवणी, घाटी, उत्तरेकडची हिंदी, उर्दू, गुजराती अशा नाना वळणांनी बोलणारी मुले एकाच वर्गात बसतात. मानसशास्त्र आणि मराठी ह्या विभागांनी मिळून येथे लॅम्बर्टचाच प्रयोग लहान प्रमाणावर करून पाहावा. पाणीपुरवठ्यासारख्या विषयावर दोनशे शब्दांचा, कोणताही विनोद नसलेला उतारा घ्यावा. घरी मालवणी बोलणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याने तो एकदा प्रमाण मराठीत आणि एकदा घरच्या बोलीत वाचावा; ध्वनिमुद्रण मोबाइलवरही होईल. मध्ये इतर तीन-चार आवाज घालावेत, म्हणजे माणूस ओळखू येणार नाही. श्रोत्यांनी प्रत्येक आवाजाला बुद्धी, प्रामाणिकपणा आणि निर्णयशक्ती ह्यांसाठी पाचपैकी गुण द्यावेत आणि ‘ह्याला मत द्याल का?’ ह्या प्रश्नाचे उत्तर लिहावे. चिठ्ठ्यांवर नावे नकोत. फक्त प्राध्यापकांच्या चिठ्ठ्या वेगळ्या रंगाच्या असाव्यात आणि त्यांची बेरीज निराळी करावी, कारण तोंडी परीक्षेचे गुण त्यांच्या हातात असतात.