देशाचे दूरचे ध्येय आणि आपले एकरी टनेज



सन २०४७ मध्ये स्वातंत्र्याला शंभर वर्षे पूर्ण होतील. तोपर्यंत देश विकसित व्हावा आणि २०७० पर्यंत हवेत जाणारा कार्बन व शोषला जाणारा कार्बन यांचा मेळ बसावा, अशी ध्येये देशाने ठरविली आहेत. गावोगावच्या गटसभेत आम्ही हा विषय काढला की सभासद म्हणतात, "साहेब, ते दिल्लीचं काम. आमचा ऊस वेळेवर तुटू द्या, म्हणजे झालं." सभासदांचे म्हणणे रास्त आहे. परंतु या दूरच्या ध्येयांपैकी एका ध्येयाचा धागा थेट आपल्या सरीपर्यंत आलेला आहे. तो धागा म्हणजे इथेनॉल. त्याचा हिशेब या लेखात मांडतो.

देशाची गरज आणि आपला वाटा

आपला देश लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून आणतो. त्यापायी मोठे परकीय चलन जाते. म्हणून पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळावयाचे ठरले. २०१३-१४ साली मिश्रणाचे प्रमाण जेमतेम दीड टक्का होते व तेल कंपन्यांनी ३८ कोटी लिटर इथेनॉल घेतले. २०२३-२४ मध्ये हा आकडा ७०० कोटी लिटरच्या पुढे गेला. २० टक्क्यांचे उद्दिष्ट आधी २०३० चे होते, ते २०२५-२६ वर आणले गेले, आणि २०२५ मध्ये देशाने ते गाठले.

हे एकट्या सरकारने केले नाही. कारखान्यांनी कर्जे काढून आसवनी उभ्या केल्या. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजसारख्या कंपन्यांनी त्यांची यंत्रे बनविली. तेल कंपन्यांनी टाक्या बांधल्या. ग्राहकानेही वाटा उचलला. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे गाडीचे ॲव्हरेज थोडे घटते. निती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात जुन्या बनावटीच्या चारचाकींसाठी ही घट ६ ते ७ टक्के व दुचाकींसाठी ३ ते ४ टक्के धरली आहे. ही गोष्ट झाकून ठेवण्याचे कारण नाही.

महाळुंग्याची बाजू

आता महाळुंग्याकडे पाहा. बजाज ऑटोचा चाकणचा कारखाना १९९९ साली सुरू झाला. नाव चाकणचे असले तरी तो उभा आहे महाळुंगे गावच्या हद्दीत. पुढे २००९-१० च्या सुमारास फोक्सवॅगन आणि महिंद्राचे कारखाने याच पट्ट्यात आले. २० टक्के इथेनॉलला टिकतील असे सुटे भाग एप्रिल २०२३ पासूनच्या गाड्यांत असावेत व एप्रिल २०२५ पासून इंजिनही त्या इंधनाला जुळविलेले असावे, असे वरील आराखड्यात सुचविले होते. म्हणजे गाडी आपल्या शिवारात बनते आणि तिच्या टाकीतले काही इंधन आपल्या उसातून निघू शकते. एकाच घरातला थोरला भाऊ ऊस पाहतो आणि धाकटा कंपनीत पाळी करतो, अशी घरे या भागात कमी नाहीत. एकाच कामाची दोन टोके एका उंबऱ्याच्या आत आहेत.

मात्र याच भागात जमीन कारखानदारीकडे गेली, आणि पाण्याला वाटेकरी वाढले. भामा-आसखेडच्या पाण्याकडे शेती, उद्योग आणि पुणे शहर तिघेही डोळे लावून आहेत. म्हणून ध्येय पुढे न्यावयाचे तर ते उसाचे क्षेत्र वाढवून साधणार नाही. आहे त्या एकरात जास्त ऊस, आणि तोही कमी पाण्यात, हाच मार्ग उरतो.

पाण्याचा हिशेब

कागद-पेन्सिल घ्या. सुरू उसाला पाटपाण्याने सुमारे २५० सेंटिमीटर पाणी लागते असे आपले कृषी शास्त्रज्ञ सांगतात. एका एकरावर हे पाणी झाले जवळजवळ एक कोटी लिटर. एक टन उसाच्या सगळ्या रसाचे इथेनॉल केले तर सुमारे ७० लिटर निघते. (प्रत्यक्षात कारखाना साखरही काढतो, तेव्हा इथेनॉल कमी मिळते, येथे तुलनेसाठी एकच माप धरले आहे.)

एकरी ४० टन ऊस निघाला, तर एका टनामागे अडीच लाख लिटर पाणी गेले, आणि एक लिटर इथेनॉलमागे सुमारे ३,५७० लिटर. तेवढ्याच पाण्यात एकरी ६० टन काढला, तर एक लिटरमागे पाणी सुमारे २,३८० लिटरवर येते. ठिबकने पाण्यात साधारण ४० टक्के बचत साधली आणि टनेज ६० राहिले, तर तोच आकडा सुमारे १,४३० लिटरवर उतरतो. निती आयोगाने उसाच्या इथेनॉलला लिटरमागे २,८६० लिटर पाणी धरले आहे. म्हणजे आपण आळस केला तर देशाच्या हिशेबापेक्षा वाईट, आणि नीट शेती केली तर त्याच्या निम्म्यावर.

हा हिशेब केवळ देशासाठी नाही. इथेनॉल आता उसाशिवायही बनते. मका व तांदूळ यांच्यापासूनचे इथेनॉल अलीकडच्या वर्षांत उसाच्या पुढे गेले आहे. २०२५-२६ साठी तेल कंपन्यांनी दिलेल्या वाटपात उसाचा भाग एक तृतीयांशाहूनही कमी आहे. पाणी जास्त आणि टनेज कमी असा ऊस या स्पर्धेत मागे पडेल. त्याचा पहिला फटका बसेल तो उसाच्या दराला.

आपण काय करावयाचे

१. बेणे. दर तीन-चार वर्षांनी बेणे बदला. ९ ते ११ महिन्यांचे, रोगमुक्त मळ्यातले बेणे घ्या. खोडव्याचे बेणे लागणीस वापरू नका. को ८६०३२ आजही भरवशाची आहे. को एम ०२६५ भारी व काहीशा क्षारयुक्त जमिनीतही चालते. पाडेगावचे ऊस संशोधन केंद्र १९३२ पासून या कामात आहे. तेथून शिफारस झालेल्या नव्या जातींची चौकशी गट ऑफिसात करा.

२. सरी. अंतर साडेचार ते पाच फूट ठेवा. उजेड व हवा खेळते, भरणी नीट होते आणि पुढे तोडणी यंत्रही चालते.

३. पाचट. पेटवू नका. एकरी तीन-चार टन पाचट म्हणजे फुकटचे खत आहे. खोडव्यात ते सरीत पसरा आणि टनामागे ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाका. ओल टिकते, तण दबते व एक-दोन पाळ्या पाणी वाचते.

४. खत. खोडव्यास खत पहारीने द्या. बुडख्यापासून वीतभर अंतरावर छिद्र घेऊन खत मातीआड करा. पहिला हप्ता तोडणीनंतर १५ दिवसांत, दुसरा सुमारे १३५ दिवसांनी. माती परीक्षण करून मात्रा ठरवा, शेजाऱ्याची पाहून नव्हे.

५. पाणी. पाटाने देत असाल तर 'पाणी भरपूर म्हणजे ऊस भरपूर' ही समजूत सोडा. जमीन चिबड होते आणि उतारा घटतो. जमेल त्यांनी ठिबक करावे. संचाला पैसा लागतो हे आम्ही जाणतो. केंद्राच्या योजनेत अल्प व अत्यल्प भूधारकांना खर्चाच्या ५५ टक्के व इतरांना ४५ टक्के अनुदान ठरलेले आहे. पूर्वसंमती मिळाल्यावरच संच बसवा.

२०२५-२६ च्या हंगामात १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये एफआरपी आहे. एकरी २० टन वाढले तर तोडणी-वाहतूक कापण्यापूर्वी ७१ हजार रुपयांची भर पडते. देशाचे काम आणि घरचे काम येथे एकच आहे.

आपण काय मागावयाचे

साथ द्यावयाची म्हणजे मान डोलवावयाची नव्हे. ७ डिसेंबर २०२३ रोजी, ऐन गाळपात, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास केंद्राने मनाई केली. पाऊस कमी झाल्याने साखर कमी पडेल ही भीती होती. आठवडाभरात ती मनाई सैल करून १७ लाख टन साखरेपुरती मर्यादा घातली गेली, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये पुढच्या हंगामासाठी निर्बंध उठले. जनतेला साखर मिळाली पाहिजे हे खरेच. पण कर्ज काढून आसवनी उभी करणाऱ्या कारखान्याला व त्याच्या सभासदाला धोरण हंगामाच्या आधी कळले पाहिजे. इथेनॉलचा दर उसाच्या दराबरोबर वाढला पाहिजे. ही मागणी वार्षिक सभेत व लोकप्रतिनिधींकडे मांडणे, हेही देशाच्या ध्येयाला हातभार लावणेच आहे.

प्रवरेचा सहकारी कारखाना १९५०-५१ च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी लहान-लहान शेतकऱ्यांचे भाग गोळा करून तो उभारला. प्रत्येकाने आपल्या ऐपतीपुरता वाटा उचलला. आज आपल्याकडे मागितला जाणारा वाटा भागभांडवलाचा नाही, तो पाण्याचा आणि टनेजचा आहे.

येत्या लागणीपूर्वी प्रत्येक सभासदाने मागील तीन हंगामांचे एकरी टनेज वहीत लिहून ठेवावे व माती परीक्षणाचा नमुना गट ऑफिसात द्यावा. महाळुंगे गटातील सभासदांनी बेण्याची मागणी आपल्या चिटबॉयकडे नोंदवावी. अडचण असेल तेथे शेतकी विभागाचे कर्मचारी बांधावर येतील.

— ऊस विकास अधिकारी