एकाच साच्यातले दोन टायर

पीठ तेच, तवा तोच, हातही तोच. तरी सगळ्या भाकऱ्या अगदी सारख्या होत नाहीत. एखादी कडेला जाड राहते, एखादी करपते.

टायरचेही तसेच आहे. तुम्ही म्हणाल, "गुरुजी, टायर तर यंत्रावर होतो!" खरे आहे. पण यंत्रात घालायचा माल दर वेळी सारखा नसतो.

टायर नुसत्या रबराचा नसतो. त्यात झाडाच्या चिकाचे रबर असते, तसेच रसायनांपासून केलेलेही असते. टायर काळा दिसतो तो काजळीमुळे. काजळीने रबर चिवट होते. शिवाय गंधक, मजबूत दोऱ्यांचे कापड आणि पोलादी तार लागते. हे थर एकावर एक बसवून कच्चा टायर बनवतात. मग तो साच्यात दाबून तापवतात. उष्णतेने रबर व गंधक यांचा सांधा जुळतो. ही युक्ती अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना १८३९ साली सापडली. त्याआधी रबर उन्हात चिकट आणि थंडीत कडक होई.

मग फरक कुठे पडतो? झाडाचा चीक हंगामाप्रमाणे बदलतो. काजळी कुठे कमी, कुठे जास्त मिसळते. थराचा जोड जाड होतो. साच्यात वेळ कमी पडला तर टायर कच्चा राहतो. वेळ जास्त झाला तर रबराचा कस जातो.

थोडा फरक राहणारच. कित्येक नव्या टायरांवर पिवळा ठिपका असतो. तिथे टायर वजनाला सर्वांत हलका असतो. म्हणून तो ठिपका हवा भरायच्या नळीजवळ ठेवून टायर बसवतात.

पण फरक हद्दीबाहेर गेला, तर जिवाशी गाठ असते. अमेरिकेत २००० साली फायरस्टोन कंपनीने सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. धावत्या मोटारीच्या टायरचा वरचा थर सुटून येई आणि मोटार उलटे. अशा अपघातांत २७० च्या आसपास माणसे दगावल्याची नोंद झाली. हे टायर एकाहून अधिक कारखान्यांत होत. पण तक्रारी जास्त आल्या त्या डिकेटर गावच्या कारखान्यातील टायरांच्या. तपासात टायरच्या रचनेतही दोष आढळला.

आपल्याकडे मोटारींच्या टायरवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे करणारा आदेश सरकारने २००९ साली काढला. हे चिन्ह पाहूनच टायर घ्या.

आता तुम्हांला वाचता येते. त्याचा इथे उपयोग करा. टायरच्या बाजूला चार आकडे सापडतील. आकडे इंग्रजी असतात. समजा, २३२४ लिहिले आहे. म्हणजे टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात झाला. दुकानदार जुना टायर नवा म्हणून देऊ लागला, तर हे आकडे त्याला दाखवा. टायरला फुगवटा किंवा चीर दिसली, तर घेऊ नका. पावती जपून ठेवा. हवा मात्र वेळच्या वेळी बघा. हवा कमी असली की टायर तापतो आणि चांगला टायरही फुटतो.

प्रश्न
१. टायर काळा का असतो?
२. टायर साच्यात कमी वेळ राहिला तर काय होते?
३. आपल्या गावातील एका गाडीच्या टायरवरचे चार आकडे वाचा. तो टायर कोणत्या साली झाला?