पहाटेची घंटा आणि किशोरांची झोप

चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ पूर्वी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घेतला. माध्यमिक विद्यार्थी त्यातून वगळले गेले. वस्तुतः पौगंडावस्थेत झोप आणणारे मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागते, आणि १३ ते १८ या वयात ८ ते १० तास झोप आवश्यक असते. कॅलिफोर्नियात २०२२ पासून बहुतेक माध्यमिक शाळा साडेआठपूर्वी भरत नाहीत.

कोल्हापुरातील आपल्या वसतिगृहात निजण्याची व उठण्याची, दोन्ही घंटा आपल्याच हाती आहेत. रात्री १० ला दिवे मालवून पहाटे ५ ला उठविले, तर सातच तास उरतात. तथागतांनी देहदंड त्यागून मध्यम मार्ग दाखविला. पेंगत केलेल्या वंदनेत सजगता कोठून यावी? उठण्याची घंटा साडेसहाला व्हावी, असे आम्ही सुचवितो. पालक व माजी विद्यार्थ्यांनी यावर विचार करावा.