शेडआधी जमीन बघ

अगं, शेड पत्र्याची घ्यायची की प्लॅस्टिकची, ते आपण निवांत ठरवू. आधी मला सांग, ती उभी कशावर राहणार आहे? ग्रेटर नोएडात मागच्या अंगणात आठ बाय सहा फुटांची जागा मिळणं हे भाग्यच. हिवाळ्यात कूलर, रिकाम्या कुंड्या, मुलांच्या सायकली, गणपतीचं मखर असं सगळं तिथे जाईल. पण शेड पुढेमागे बदलता येते. खालचा तळ बदलायचा म्हटलं, तर आधी सगळं सामान बाहेर काढून शेड उकलावी लागते. म्हणून पहिला पैसा जमिनीत घाल.

आपल्या पुण्याकडचा हिशेब इथे लावू नकोस. तिथे मुरूम टाकून चोपला की निम्मं काम होतं. इथली बहुतेक जमीन नदीने आणलेल्या गाळाची. यमुनेच्या काठची नवी माती म्हणजे खादर, वरची जुनी म्हणजे बांगर. कोरडी असताना ही माती दगडासारखी वाटते आणि भिजली की दबते. त्यात इथला पाऊस एकदम कोसळतो. 28 जून 2024 ला दिल्लीच्या सफदरजंग वेधशाळेत चोवीस तासांत 228.1 मिलिमीटर पाऊस झाला होता. आणि वारा? 30 मे 2022 च्या वादळात तिथेच ताशी 100 किलोमीटरचा वेग नोंदला गेला. रिकामी पत्र्याची शेड अशा आंधीत सहज उलटते. तेव्हा तळाकडून तीन गोष्टी हव्यात: तो पाण्याच्या वर राहावा, खचू नये आणि शेडला घट्ट धरून ठेवावा.

खणण्याआधी एक गोष्ट मात्र नक्की विचारून घे. तुझ्या अंगणाखाली खरी जमीन आहे की बेसमेंटचं पार्किंग? सोसायट्यांमध्ये तळमजल्याची बाग पुष्कळदा स्लॅबवर असते. तसं असेल तर तिथे एकही खिळा ठोकू देऊ नकोस. खालचं वॉटरप्रूफिंग फुटलं तर गळती पार्किंगमध्ये आणि भांडण तुझ्या दारात. अशा ठिकाणी नुसते पेव्हर अंथरायचे, त्यांच्याखालून पाणी जायला वाट ठेवायची आणि शेडमध्ये जड सामान तळाशी ठेवून तिला वजन द्यायचं. खरी जमीन असेल तरी पीएनजीची, म्हणजे स्वयंपाकाच्या गॅसची पाइप, गटाराचा चेंबर आणि पाण्याचा मीटर कुठे आहे ते बघून घे. चेंबरवर शेड कधीच नको. घराभोवतीची मोकळी सोडलेली जागा नियमाने मोकळीच ठेवायची असते, म्हणून आरडब्ल्यूए, म्हणजे रहिवासी संघ, आणि ग्रेटर नोएडा प्राधिकरण यांना आधी विचार. उत्तर लेखी घे. अंगणात कडुनिंब आहे ना? त्याच्या बुंध्याभोवती एक मीटर जागा मोकळी ठेव. दिल्लीत झाडांभोवतीचं काँक्रीट तेवढ्या अंतरापर्यंत काढून टाकायचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्येच दिला होता. मुळांना पाणी आणि हवा लागतेच.

आता तळाचे प्रकार. मिस्त्री आला की पहिलं वाक्य हेच असेल, ‘मॅडम, पक्का फर्श डलवा लो.’ काँक्रीट वाईट नाही. इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या किंवा जड अवजारं ठेवायची असतील तर तेच बरं. आठ बाय सहाला चार इंच जाडीचं, एकास दोन चार मालाचं काँक्रीट केलं तर सिमेंटच्या साधारण तीन गोण्या लागतात. पण ते नंतर फोडणं जिवावर येतं, पावसाचं पाणी जिरायची जागा जाते आणि परवानगीचा प्रश्न उभा राहिला तर ते ‘पक्कं बांधकाम’ दिसतं. लाकडी पॅलेट किंवा फळ्या थेट मातीवर टाकायचा विचार तर मनातूनच काढ. इथली वाळवी जमिनीतूनच येते आणि तिला ते आयतं ताट मिळतं. चार कोपऱ्यांत चार विटा ठेवून वर शेड, हेही नको. मधल्या पोकळीत घुशी बिळं करतात.

तुझ्यासाठी मी खडंजा सुचवीन, म्हणजे उभ्या कडेवर लावलेल्या विटा. इथल्या गल्लीबोळांत पिढ्यान्‌पिढ्या हेच आहे आणि कुठल्याही मिस्त्रीला ते येतं. वीट अव्वल घे, एकावर एक आपटली की खणखणीत वाजली पाहिजे. कच्ची वीट लोणा, म्हणजे क्षार, लागून भुसभुशीत होते. तुझ्या मापाला सुमारे 256 विटा बसतात, तुटफूट धरून 280 मागव.

काम कसं करून घ्यायचं ते नीट ऐक. गवत आणि मुळं असलेली वरची माती सहा इंच काढायला लाव. खड्ड्यात पाणी शिंपडून, माती ओलसर झाली की धुम्मसाने चोपून घ्यायची. चोपल्यावर तू स्वतः टाच रोवून बघ. खूण उमटली तर पुन्हा चोपायला सांग. वर चार इंच विटांचे तुकडे, पुन्हा चोपणं. मग दीड इंच बदरपूर, म्हणजे इथली जाड रेती. यमुनेची बारीक रेती या थराला नको, ती सांध्यांत भरायला ठेव. त्यावर साडेचार इंचांची उभी वीट आली की तळ अंगणापेक्षा सुमारे चार इंच वर येतो. कडेची ओळ मात्र सिमेंटच्या मसाल्यात पक्की बसवायची, नाहीतर दोन पावसाळ्यांत विटा बाहेर सरकतात.

चार कोपऱ्यांत नऊ इंच रुंद आणि दीड फूट खोल खड्डे घेऊन त्यांत काँक्रीट भरायचं आणि ते ओलं असतानाच खालून वाकवलेला फाउंडेशन बोल्ट रोवायचा. शेडची चौकट त्याला आवळायची. शेडबरोबर येणाऱ्या खुंट्यांवर विसंबू नकोस, ओल्या मातीतून त्या अलगद निघतात. बोल्टच्या जागा शेडच्या चौकटीवर मापूनच ठरव. म्हणजे शेडचं नेमकं माप हातात आल्याशिवाय काँक्रीट घालायचं नाही.

मिस्त्रीने दोरी बांधली की दोन्ही कर्ण मोज. आठ बाय सहाला प्रत्येक कर्ण बरोबर दहा फूट यायला हवा. दोन बोटं कमी-जास्त झालं तरी शेडचं दार पुढे अडकतं. तळ पाण्याच्या नळीने सपाट करून घे, पण भोवतालच्या जमिनीला घरापासून दूर, चार फुटांत इंचभर उतार दे. आणि विटांचा पट्टा शेडच्या बाहेर फार काढू नकोस. छपराची धार त्याच्यावर पडली तर पाणी आत येतं. शेड भिंतीपासून हातभर सुटी ठेव. मागे झाडू फिरवता येईल आणि वाळवीची मातीची नळी चढायला लागली तर वेळीच दिसेल. आत विटांवर जाड प्लॅस्टिक अंथर, म्हणजे खालची ओल वर येणार नाही. मखराचा पुठ्ठ्याचा खोका तरीही फळीवरच ठेव.

वेळही साधायला हवी. पावसाळ्यात ओल्या मातीवर तळ घालू नये. मे महिन्यात घातलास तर कोपऱ्यांचं काँक्रीट ओल्या गोणपाटाखाली निदान दहा दिवस भिजवत ठेवावं लागेल. दिवाळीच्या सुमाराला हवा बिघडली की ग्रॅपचे, म्हणजे प्रदूषण रोखायच्या टप्प्याटप्प्याच्या योजनेचे, निर्बंध येतात. 2023 मध्ये तिसरा टप्पा 2 नोव्हेंबरलाच लागू झाला होता, आणि त्यात खोदकाम, वाळू-सिमेंटची हलवाहलव बंद होते. ते पाळायचंच, आपल्याच मुलांच्या छातीचा प्रश्न आहे. म्हणून नवरात्र ते दसरा हा काळ उत्तम. पाऊस सरलेला असतो, मातीत जेमतेम ओल असते आणि ती छान चोपली जाते.

तोवर घाई करू नकोस. यंदाच्या पहिल्या मोठ्या पावसात खिडकीतून नीट बघ, अंगणात पाणी कुठे साचतं आणि कुठून वाहून जातं. साचतं त्या कोपऱ्यात कितीही मोह झाला तरी शेड नको. आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता हातात ठेव. काम झालं की तळाच्या चारी बाजूंना बादलीभर पाणी ओत. ते घराकडे न येता बाहेर गेलं, की मगच त्याचे पैसे चुकते कर.